बाळंतिणीला दिवसातून तीनदा मियॉकगुक : कोरियातला आहार, आयोडीन आणि माझा थायरॉइड

शेवंतीची_वेणी

नमस्कार मंडळी. आम्ही सुवॉनला असतो. नवऱ्याची नोकरी इथली, त्यामुळे माझं बाळंतपणही इथेच. आठवा महिना लागलाय. आईचा व्हिसा वेळेत होईलसं दिसत नाही, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांसाठी जोरिवॉनमध्ये नाव घातलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जोरिवॉन म्हणजे बाळंतिणींना राहण्याची सोय. दवाखान्यातून थेट घरी न जाता इथल्या बहुतेक बायका आधी तिथे जातात. बाळाकडे बघायला परिचारिका, आईला मालिश, गरम जमीन, झोप आणि वेळेवर जेवण. आपल्याकडे माहेरी जे फुकट आणि बोलणी खाऊन मिळतं, ते इथे पैसे मोजून आणि न बोलता मिळतं. गार पाणी नाही, वाऱ्याला बसायचं नाही, पायात मोजे. आजी असती तर खूश झाली असती.

आता मुद्दा. परवा त्यांच्याकडून जेवणाचा तक्ता आला. न्याहारीला मियॉकगुक, दुपारी मियॉकगुक, रात्री मियॉकगुक. बाकीचे पदार्थ रोज बदलतात, हे बदलत नाही. मियॉक ही तपकिरी समुद्री वनस्पती, जपानी लोक हिलाच वाकामे म्हणतात. वाळवलेली मिळते, भिजवून तिळाच्या तेलावर परतायची आणि गोमांस किंवा शिंपल्यांबरोबर उकळायची, की झालं सूप. मी अंडं सोडलं तर शाकाहारी, त्यामुळे त्यांनी माझ्यासाठी वेगळं बिनमांसाचं करू असं आनंदाने कळवलंय.

मला हाशिमोटो आहे, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटतं तो आजार. लग्नाच्या आधीपासून थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या संप्रेरकाची) गोळी चालू, गरोदरपणात डोस वाढवला. पुण्याच्या डॉक्टरांना सहज फोनवर हे सूप सांगितलं तर म्हणाले, समुद्री शेवाळात आयोडीन फार, जपून. इथली शेजारीण म्हणते की मियॉकगुक नाही खाल्लं तर दूधच येणार नाही. सासूबाई म्हणतात की ते काही खाऊ नकोस, मी डिंकाचे लाडू पाठवते.

तर कुणाला नेमकी माहिती आहे का? खावं, थोडं खावं, की नम्रपणे नको म्हणावं? आणि बाळाला दुधातून काही होतं का?

बुसानकर_पश्या

नको म्हणायला जमणार नाही, आधीच सांगतो. :-) माझी बायको इकडची आहे, आमच्या दोन्ही मुलांच्या वेळी मी हे प्रकरण जवळून पाहिलंय.

हे सूप त्यांच्याकडे औषध, नैवेद्य आणि माया, सगळं एकत्र आहे. सामशिन हालमोनी म्हणून एक देवी, आपल्या सटवाईची कुणीतरी नात्यातली म्हणा हवं तर. मूल देणारी आणि त्याला सांभाळणारी आजी. बाळ झालं की पूर्वी तिच्यापुढे भात, पाणी आणि मियॉकगुक ठेवायचे, आणि मग तेच बाळंतिणीने खायचं. तीन सप्तकं, म्हणजे २१ दिवस, दारावर गवताची दोरी बांधायची: मुलगा असेल तर त्यात लाल मिरच्या आणि कोळसा, मुलगी असेल तर कोळसा आणि पाइनच्या डहाळ्या. बाहेरच्यांनी आत यायचं नाही. ही दोरी आता शहरात दिसत नाही, सूप मात्र जसंच्या तसं टिकलंय.

आणि पुढे जन्मभर वाढदिवसाला सकाळी हेच सूप. आईने तुला जन्म दिला तेव्हा ती हे जेवली होती, त्याची आठवण म्हणून. परीक्षेच्या दिवशी मात्र चुकूनही नाही, कारण ते बुळबुळीत, माणूस घसरतो!

बाळंतिणीसाठीचा मियॉक वेगळा विकतात. लांबच्या लांब, न मोडता बांधलेला. तो घेताना घासाघीस करायची नाही, दुकानदाराने दुमडायचा नाही, नाहीतर बाळंतपण अडतं अशी समजूत. आमच्या इथला किजांगचा मियॉक नावाजलेला, तिकडे दक्षिणेला वान्दोचा. सासूबाईंनी बाळंतपणाआधीच आणून माळ्यावर ठेवला होता. नवशिक्यांना एक सूचना: वाळका मियॉक मूठभर भिजवला की पातेलंभर होतो. मी पहिल्यांदा केला तेव्हा न्हाणीघरातली बादली आणावी लागली होती.

आयोडीनबद्दल मला काही कळत नाही. जाणकार बोलतील.

काळा_वाटाणा

वाचतेय. पश्या, बादलीचा फोटो हवा होता.

अवटू

मी थायरॉइडचेच रुग्ण बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेवंती, हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणारं नाही, त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडावं एवढ्यासाठी.

आधी प्रमाण. धडधाकट प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. पाजणाऱ्या आईसाठी जागतिक आरोग्य संघटना २५० सांगते, कारण बाळाला सगळं आयोडीन तिच्याच दुधातून मिळायचं असतं. आता मियॉक. वाळलेल्या एका ग्रॅममध्ये साधारण ४० ते १४० मायक्रोग्रॅम. जागा आणि हंगाम यांप्रमाणे पुष्कळ फरक पडतो. एका वाडग्याला सात ग्रॅम धरा आणि ग्रॅमला १०० धरा, की ७०० मायक्रोग्रॅम झाले. भिजवलेलं पाणी फेकलं तर थोडं कमी होईल. पण उकळल्यावर जे पाण्यात उतरतं ते कुठे जात नाही, कारण सूप आहे, आपण ते पितोच. असे तीन वाडगे, रोज.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. कोरियातल्या बाळंतिणींवरचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतरच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात त्या बायकांच्या पोटात दिवसाला सरासरी २७०० मायक्रोग्रॅमच्या वर आयोडीन जात होतं आणि चौथ्या आठवड्यातही साधारण १३००. दुधात सुरुवातीला लिटरला सुमारे २१७०, महिन्याने ८९० च्या आसपास. जिथे समुद्री वनस्पती खात नाहीत आणि मीठ आयोडीनयुक्त आहे अशा ठिकाणी हा आकडा बहुधा १०० ते २०० असतो.

दुधात इतकं का उतरतं? थायरॉइडच्या पेशींवर आयोडीन आत ओढणारं एक प्रथिन असतं. तेच प्रथिन पाजत्या काळात स्तनाच्या पेशींवरही तयार होतं. आईला कमी मिळत असलं तरी बाळाला मिळावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. आईला फार मिळतं तेव्हा तीच सोय फारच पुढे पाठवते.

आता जास्त आयोडीनने बिघडतं काय. थायरॉइडचा संप्रेरक आयोडीनपासूनच बनतो, मग जास्त आयोडीन म्हणजे जास्त संप्रेरक असं वाटेल. होतं उलटं. १९४८ मध्ये बर्कलीला वोल्फ आणि चायकॉफ यांनी उंदरांवर दाखवलं की आयोडीनचा मोठा लोंढा आला की ग्रंथी संप्रेरक बनवणंच थांबवते. गिरणीत एकदम पोतंभर धान्य ओतलं की गिरणीवाला पट्टा उतरवतो, तसं. निरोगी माणसाची ग्रंथी थोड्याच दिवसांत सावरते: आयोडीन आत घेणारं ते प्रथिन कमी करते, आतली पातळी उतरते, काम पुन्हा सुरू होतं. म्हणूनच कोरिया-जपानमधली बहुसंख्य माणसं आपल्या कितीतरी पट आयोडीन खाऊन ठणठणीत असतात.

हे सावरणं ज्यांना जमत नाही अशांत दोन गट तुमच्या कामाचे. एक, हाशिमोटोसारख्या आजाराने आधीच अर्धी झालेली ग्रंथी. दोन, वेळेआधी जन्मलेलं बाळ. गर्भाच्या ग्रंथीला सावरण्याचं हे कसब साधारण छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला येतं. सोलच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास मांडला. ज्यांच्या आईच्या दुधात आयोडीन जास्त, त्या बाळांत थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

म्हणजे शेवंती, दिवस भरून बाळ झालं तर बाळाची काळजी बेताची, तुमची थोडी जास्त. तुम्ही गोळी घेताय, ती तिचं काम करतच राहील. पण तुमची स्वतःची जी थोडीबहुत ग्रंथी अजून काम करतेय ती दबली तर डोस कमी पडू शकतो. त्यात बाळंतपणानंतर गरोदरपणातला वाढवलेला डोस बहुधा खाली आणतात. डोस खाली आणि आयोडीन वर, दोन्ही एकाच आठवड्यात. एरवी सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारा संप्रेरक) बघतात. तुमच्या बाबतीत मी जरा लवकर बघा म्हणेन. पहिल्या वर्षात थकवा, केस गळणं, उदास वाटणं हे सगळं बाळंतपणावर ढकललं जातं, आणि थायरॉइड बघायचा राहून जातो.

खवचट_आजोबा

डॉक्टरसाहेब, लेख उत्तम. पण एक शंका. कोरियन बायका शेकडो वर्षं हे सूप पिताहेत. त्यांची पोरं मंद निपजली असती तर जगभर टीव्ही, मोटारी आणि जहाजं कोणी विकली असती? आपल्याकडे प्रत्येक गोष्टीत संशोधन निघतं आणि आजीच्या खाण्यावर पाणी पडतं. उद्या डिंकाच्या लाडवावरही निघेल.

त्रैराशिक

आजोबा, आधी हिशेब करू, मग भांडू.

वरचे दोन आकडे नुसते बघितले तर पहिल्या आठवड्यातलं दूध जास्त धोक्याचं वाटतं (२१७० विरुद्ध ८९०). पण बाळ पितं किती? तिसऱ्या दिवशी १०० मिलिलीटर धरलं तर २१७ मायक्रोग्रॅम. महिन्याचं बाळ ७०० मिलिलीटर पितं, म्हणजे ६२० च्या पुढे. दुधातलं प्रमाण अडीचपट कमी झालं तरी बाळाच्या पोटात जाणारं आयोडीन जवळजवळ तिप्पट झालं! दोन वर्षांखालच्या मुलांना दिवसाला १८० च्या वर देऊन काही फायदा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी म्हटलंय.

म्हणजे जोरिवॉनमधले दोन आठवडे तेवढे सांभाळले की झालं, असं नाही. घरी आल्यावर शेजारणीने डबा भरून पाठवलेलं सूपही मोजायला हवं.

आणखी एक गंमत. आपल्या मिठात विकताना किमान १५ पीपीएम आयोडीन असावं लागतं, म्हणजे १० ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम. ७०० मायक्रोग्रॅमच्या एका वाडग्याची बरोबरी करायला सुमारे ४७ ग्रॅम मीठ खावं लागेल. तेव्हा "आपणही आयोडीनवालं मीठ खातोच की" हा युक्तिवाद कुणी करू नये.

अवटू

त्रैराशिक, हिशेब चोख.

आजोबा, तुमची शंका टाकाऊ नाही. तिचं उत्तर मला असं दिसतं. शेकडो वर्षं जी बाळं हे दूध पिऊन मोठी झाली ती जवळपास सगळी दिवस भरलेली होती. तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ तेव्हा सहसा कोरियातही जगत नव्हतं आणि कोकणातही. अशी बाळं वाचायला लागली ती काचेच्या पेट्या, श्वासाची यंत्रं आणि फुप्फुसांची औषधं आल्यावर, म्हणजे गेल्या काही दशकांत. आजीचं सूप आणि बत्तिसाव्या आठवड्याचं बाळ यांची गाठ पूर्वी जवळपास पडतच नव्हती. आजी चुकली नाही, आजीपुढे हा प्रश्न आलाच नव्हता.

आणि जास्त आयोडीनने कुणालाच काही होत नाही, असंही नाही. जपानच्या होक्काइदोत कोंबू (एक जाड तपकिरी समुद्री वनस्पती) काढणाऱ्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांत गलगंड दिसतो, तो कमतरतेचा नसून अतिरेकाचा आहे, हे १९६५ मध्येच मांडलं गेलं होतं. आयोडीन कमी असो वा अति, गळा दोन्हीने सुजतो. आपल्याकडे डॉ. रामलिंगस्वामी या संशोधकांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात उलट बाजू दाखवली: मिठात आयोडीन घातलं आणि गलगंड ओसरले.

मात्र घाबरवायचंही नाही. आईच्या दुधातल्या जादा आयोडीनने बाळाचा थायरॉइड मंदावला तरी तो बहुतेकदा तात्पुरता असतो. सूप कमी केलं की काही आठवड्यांत आकडे सुधारतात, आणि मध्ये गरज पडलीच तर थायरॉक्सिन देता येतं. फक्त ते कळायला तपासणी झालेली असावी लागते. पहिल्या महिन्यांत मेंदू वाढत असतो, तेव्हा "बघू पुढच्या वेळी" नको.

किती आयोडीन म्हणजे अति, यावरही एकमत नाही. गरोदर आणि पाजणाऱ्या आयांसाठी जागतिक आरोग्य संघटना ५०० च्या वर जाऊ नका म्हणते, अमेरिका ११०० म्हणते, खुद्द कोरियाने प्रौढांसाठी २४०० ठरवलेत. खाण्याची सवय जिथे जशी, तिथली मर्यादा तशी. माझ्या मते यात कोरिया लबाडी करत नाही. जन्मभर आयोडीन पचवलेल्या ग्रंथीला थोडी जास्त मुभा मिळते. पण पुण्याच्या मिठावर वाढलेली, त्यातही हाशिमोटो असलेली शेवंती त्या २४०० च्या भरवशावर राहू शकत नाही.

खवचट_आजोबा

उत्तर पटलं. पेट्यांचा मुद्दा ध्यानात आला नव्हता. तरी लाडवाला हात लावू नका.

झिपरी

लाडवाला हात लावायला मी येते! अळीव कोबी-मोहरीच्या कुळातलं, आणि त्या कुळातल्या भाज्या थायरॉइडला चालत नाहीत असं सगळीकडे वाचते. मग बाळंतिणीला अळिवाची खीर कशी?

अवटू

त्या कुळात आयोडीनच्या आड येणारी द्रव्यं असतात हे खरं. पण आयोडीन पुरेसं मिळत असेल तर चमचाभर अळिवाने काही होत नाही. ढीगभर कच्चा कोबी रोज, आणि मिठात आयोडीन नाही, अशी जोडी जमली तर विचार करावा. खीर खा.

चिमूटभर

शेवंती, मी इंचॉनला राहते, शाकाहारी आहे, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते तुझ्या पोस्टमधलं एकच वाक्य: "बिनमांसाचं करू असं आनंदाने कळवलंय." तिथे थांब जरा.

मांस काढल्यावर सूपला चव कशाने आणणार? इथल्या स्वयंपाकघरात शाकाहारी रस्सा म्हटलं की दाशिमा. जाड, काळपट हिरवे, पांढरी भुकटी धरलेले चौकोनी तुकडे. जपानी कोंबू तोच. दाशिमा आणि वाळके शिताके मशरूम उकळून रस्सा काढतात, मग त्यात मियॉक. इथल्या मंदिरांतला स्वयंपाकही याच रश्श्यावर चालतो आणि चवीला फार सुरेख लागतो, पण आयोडीनमध्ये दाशिमा मियॉकच्या कितीतरी पुढे आहे. पाकिटावरच्या फोटोत सगळी शेवाळं सारखीच दिसतात, म्हणून लोक एकाच मापाने मोजतात.

डॉक्टर, आकडा सांगाल का?

अवटू

चिमूटभर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. माझ्या डोक्यात गोमांसाचंच सूप होतं.

वाळलेल्या कोंबूत ग्रॅमला हजार-दीड हजार मायक्रोग्रॅम सहज असतं, दोन हजारांच्या वरही जातं. दोन ग्रॅमचा एक लहान तुकडा धरला तर तीन हजारांच्या आसपास. कोंबूतलं बहुतेक आयोडीन उकळताना पाण्यात उतरतं, आणि मग तुकडा काढून फेकतात. फेकलेल्या तुकड्यात फारसं काही उरलेलं नसतं, सगळं रश्श्यात. एका पातेल्यात असे तीन-चार तुकडे आणि ते पातेलं चार-पाच जणींत, असं धरलं तरी प्रत्येकीच्या वाट्याला मियॉकच्या वर आणखी दोनेक हजार येणार.

म्हणजे शाकाहारी बाळंतिणीचं ताट मांसाहारी बाळंतिणीपेक्षा आयोडीनमध्ये जड. ऑस्ट्रेलियात २००९ च्या सुमाराला सोया दुधाच्या एका प्रकारात चवीसाठी कोंबूचा अर्क होता. ते पिणाऱ्यांचे थायरॉइड बिघडले आणि माल बाजारातून परत घ्यावा लागला. तिथेही बरेच गिऱ्हाईक दूध-मांस टाळणारेच होते.

ती भाताभोवती गुंडाळतात ती गिम, म्हणजे जपानी नोरी, मात्र ग्रॅमला १५ ते ४० वगैरे. तिची काळजी नको.

शेवंतीची_वेणी

बाप रे. मला दाशिमा हा शब्द माहीत होता, पण तो माझ्या सूपमध्ये असणार हे डोक्यातच आलं नाही. कालच तिकडच्या आहार बघणाऱ्या बाईंना विचारलं. हो, शाकाहारी रस्सा दाशिमाचाच. वर "तुमच्यासाठी जरा जास्तच घालू" असंही प्रेमाने म्हणाल्या.

वॉम्बॅट_मावशी

मेलबर्नहून. मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे कोरियन आणि चिनी आया बऱ्याच येतात, म्हणून हे ओळखीचं. इथली अन्नसुरक्षा यंत्रणा गरोदर बायका, पाजणाऱ्या आया आणि मुलं यांना सांगते की तपकिरी समुद्री वनस्पती आठवड्यातून एका वाढणीपेक्षा जास्त नको. दिवसातून तीनदा खाणाऱ्या बाईला आठवड्यातून एकदा सांगणं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. "इथले डॉक्टर आपलं सूप तोडतात" म्हणून काही जणी मग विचारतच नाहीत, आणि सासूने थर्मासमधून आणलेलं सूप पडद्याआड पितात. मी आता सूप खाताय का असं विचारत नाही; कोण करतं आणि त्यात काय काय घालतं, असं विचारते. मग सगळं कळतं.

दोन गोष्टी इथे कुणी लिहिल्या नाहीत. एक, बेटाडिन. ते पोव्हिडोन-आयोडीन असतं. सिझेरियनच्या आधी पोटाला, टाक्यांना, कधी बाळाच्या नाळेलाही लावतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा पातळ, तिथून आयोडीन आत जातं. म्हणून अनेक नवजात विभागांत लहान बाळांना ते शक्यतो टाळतात. सूप आणि बेटाडिन दोन्ही चालू असेल तर बेरीज करावी लागते.

दोन, टाचेतून रक्त घेऊन होणारी तपासणी. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते, तेव्हा बाळाने अजून धड दूधही प्यायलेलं नसतं. त्रैराशिकनी वर दाखवलंच आहे की खरा भार नंतर वाढतो. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळांची तपासणी दोन ते चार आठवड्यांत पुन्हा करायची असते. पहिला अहवाल चांगला आला म्हणून दुसरा टाळू नका.

आणि दूध पाजणं थांबवू नका! हे मोठ्याने लिहितेय. आयोडीन जास्त म्हणून आईचं दूध बंद, असं कुणी सुचवलं तर आधी सूप बंद करा. दोन-चार दिवसांत दुधातलं प्रमाण उतरायला लागतं.

मिठागर

अवांतर होईल, पण आयोडीन निघालंच आहे तर. आमचं घराणं उरणकडचं, आजोबांची मिठागरं होती. लोकांना वाटतं की समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन आपोआप असणारच. नसतं, म्हणजे नसल्यासारखंच. मिठागरावरच्या खडे मिठात आयोडीन वरून फवारावं लागतं. सैंधवातही नसतं. हल्ली आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांत पांढरं मीठ वाईट म्हणून गुलाबी सैंधव आलंय, आणि त्यात दोन सुना गरोदर. कोरियात अति, इकडे हौसेने कमी.

काळा_वाटाणा

+१. आमच्याकडेही सैंधवच. बदलते आजच.

अवटू

मिठागर, अवांतर अजिबात नाही. २००६ पासून देशभर खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे ती उगीच नाही. उपवासाला सैंधव वापरा, रोजच्या आमटीला साधं आयोडीनयुक्त मीठच बरं, आणि गरोदर-बाळंतिणीला तर नक्कीच. हाशिमोटोवाल्यांनीही मीठ सोडायची गरज नाही. मिठातलं आयोडीन आणि दाशिमातलं आयोडीन यांत किती अंतर आहे ते वर आलंच आहे.

शेवंतीची_वेणी

सगळ्यांचे आभार. काय ठरलं ते लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

इथल्या थायरॉइडच्या डॉक्टर बाईंना भेटले. त्या स्वतः दोन मुलांची आई आहेत आणि दोन्ही वेळा सूप प्यायल्या, हे त्यांनी हसत सांगितलं. म्हणाल्या, तुझ्या बाबतीत दिवसाला एक लहान वाडगा, तोही पहिले दोन आठवडेच, दाशिमा मुळीच नको, आणि कुणी "सूपऐवजी" म्हणून केल्पच्या (कोंबूसारख्या शेवाळाच्या) गोळ्या आणल्या तर त्या कचऱ्यात. बाळंतपणानंतर गोळीचा डोस किती करायचा हे त्यांनी लिहून दिलंय, आणि टीएसएच आधी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, मग सहाव्यानंतर.

सकाळच्या गोळीचाही घोळ होता. जोरिवॉनमध्ये न्याहारी सातला येते आणि गोळी उपाशीपोटी, खाण्याआधी निदान अर्धा-पाऊण तास. शिवाय लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. तेव्हा पहाटे बाळाला पाजायला उठेन तेव्हाच गोळी, असं ठरवलंय.

आहारवाल्या बाईंशी बोलायला नवरा आला होता, त्याचं कोरियन माझ्यापेक्षा बरं. आयोडीनचं नाव काढलं की त्यांना वाटलं आम्ही त्यांच्या जेवणाला नावं ठेवतोय. मग त्याने थायरॉइडचा आजार आहे आणि डॉक्टरांचं पत्र आहे असं सांगितल्यावर एकदम सूर बदलला. आता माझा रस्सा मुळा, कांदा आणि शिताके यांचा. एका वेळी मियॉकगुक, उरलेल्या दोन वेळा दोएन्जांगचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप किंवा मुळ्याचं सूप. मियॉक भिजवून दोन पाण्यांनी धुऊन घ्यायचंही कबूल केलंय. त्यात दुल्क्केची (पेरिला नावाच्या बारीक बियांची) पूड घालणार आहेत, ती मला फार आवडते. आपल्या कारळ्याच्या चटणीची आठवण येते.

शेजारणीला काय सांगू हा प्रश्न उरलाच आहे. तिने मियॉकचा लांबलचक गठ्ठा आधीच आणून दिलाय, न मोडता.

बुसानकर_पश्या

घ्या आणि ठेवा. वाळका मियॉक वर्षभर सहज टिकतो. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याचं सूप करा आणि तिला जेवायला बोलवा, ती खूश होईल. तेव्हा एक वाडगा तुम्हालाही चालेल.

रानजाई

उशिरा लिहितेय, धागा आजच सापडला. आम्ही देजॉनला. माझं बाळ तेहतिसाव्या आठवड्यात झालं, आता बारा दिवसांचं आहे, अजून पेटीत. मी दूध काढून देते. इथे मला रोज तीन वेळा मियॉकगुक येतं आणि मी सगळं संपवते, दूध वाढावं म्हणून. पहिली तपासणी चांगली आली होती. आता हे वाचून हातपाय गार पडलेत. काय करू?

वॉम्बॅट_मावशी

रानजाई, आधी शांत हो गं. तू काही वाईट केलेलं नाहीस. दूध काढणं अजिबात थांबवू नकोस.

आजपासून सूप बंद, दुसरं कुठलंही गरम सूप माग. दूध त्या वनस्पतीने वाढत नाही, वारंवार काढल्याने वाढतं. दिवसातून आठेक वेळा, रात्री एकदा तरी. पोट साफ व्हायला मियॉकचा उपयोग होत होता, तर त्याजागी भाज्या आणि भरपूर पाणी.

उद्या फेरीला येणाऱ्या डॉक्टरांना तीन गोष्टी सरळ सांग: किती दिवस आणि किती वाडगे खाल्लेस, रस्सा दाशिमाचा होता का, आणि बाळाला किंवा तुझ्या टाक्यांना बेटाडिन लावतात का. मग विचार की टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तातला थायरॉइडचा संप्रेरक) पुन्हा कधी करणार. तेहतीस आठवड्यांच्या बाळाची दुसरी तपासणी बहुधा त्यांच्या यादीत असेलच, फक्त तारीख विचारून घे. आधी काढून गोठवलेलं दूध असेल तर ते वापरायचं की नाही हेही त्यांनाच विचार, स्वतःहून ओतून देऊ नकोस.

अवटू

मावशींनी सगळं लिहिलंय. एवढंच जोडतो की टीएसएच थोडा वर आलाच तरी लगेच धीर सोडू नका. सूप थांबल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बघतात आणि तो पुष्कळदा स्वतःहून खाली येतो. फार वर असेल किंवा टी-४ कमी असेल तर डॉक्टर थायरॉक्सिन सुरू करतील, ते सुरू करू द्या. पुढे बंद करता येतं.

रानजाई

सांगितलं. डॉक्टरांनी परवाच रक्त घ्यायचं ठरवलं. दाशिमा होता म्हणे, रोज. जेवण बदलून घेतलंय, आज मुळ्याचं सूप आलं. आकडे आले की इथेच लिहीन.